जिन्यातलं विरजण

गंधालीने त्या सोमवारी जे ठरवलं ते अगदी बारीकसं होतं. दुसऱ्या मजल्यावर थांबायचं. पण दमले म्हणून नाही, काही काम होतं म्हणून.

रायपूरच्या शंकर नगरातल्या त्या इमारतीची लिफ्ट दिवाळीपासून बंद होती. तिचा कुठलासा पार्ट नागपूरहून यायचा होता. (पार्ट पायी निघाला असता तरी एव्हाना पोचला असता.) गंधालीचं घर तिसऱ्या मजल्यावर. नवा रायपुरातल्या ऑफिसातून बसने ती साडेसहाला परतायची आणि पहिल्या पायरीशी उभी राहून वर बघायची, तेव्हा तिला तो जिना कुणीतरी मुद्दाम आपल्याचसाठी बांधल्यासारखा वाटायचा.

कारण तिच्या पर्समध्ये होतं, चार घड्या घालून. थायरॉइडचा रिपोर्ट. आकडा साडेचारच्या आत हवा होता, तो सहा पूर्णांक आठ होता. "बॉर्डरलाइनवर आहे," मूळच्या अमरावतीच्या, इथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या. "लगेच गोळी नको. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर झेपेल तेवढंच चाला, आणि दमलं की थांबा."

म्हणजे आजार कुंपणावर बसलेला. ना धड आत, ना बाहेर. गोळी दिली असती तर ती चार लोकांत पाण्याबरोबर घेता तरी आली असती. आता दाखवायला काहीच नव्हतं, फक्त दमणं होतं. एका रविवारी उत्साहाने ती अर्धा तास झपझप चालली, तर मंगळवारपर्यंत पाय तिचे नव्हते आणि केस विंचरताना हात मध्येच खाली येत होता.

"बॉर्डरलाइनच आहे ना? टेन्शन नको घेऊ यार," असं म्हणून पुष्करने, म्हणजे नवऱ्याने, कूस बदलली होती. पण टेन्शन पुष्करचं नव्हतंच. टेन्शन सासूबाईंचं होतं. त्या थोरल्या मुलाकडे ब्राह्मणपाऱ्यात राहायच्या. लग्न ठरवताना गंधालीच्या बाबांनी छाती फुगवून सांगितलं होतं, "आमची मुलगी विद्यापीठाच्या खो-खो संघात होती." ते वाक्य सासूबाईंनी अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, फिरवलं होतं. आणि आता, लग्नाला वर्षही झालं नाही, तोच सून दुसऱ्या मजल्यावर भिंत धरते. त्यांना कळलं तर त्या एकच म्हणतील: माहीत होतं, लपवून पोरगी गळ्यात मारली. बाबांचं नाव त्या वाक्यात येईल, आणि ते तिला होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून जिन्यात थांबायला कारणं हवी होती.

पहिल्या मजल्यावर श्यामराव होते. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. त्यांना नुसतं "काय म्हणता काका?" विचारलं की गोंदियाच्या अलीकडे सिग्नल न मिळाल्याची गोष्ट सुरू व्हायची. त्यांना ऐकणारा लागायचा, बोलणारा नाही. गंधालीचा श्वास जाग्यावर येईपर्यंत गाडीला सिग्नल मिळायचा. तोवर ते तिच्या हातावर चिवडा ठेवायचे. "खा व पोट्टी, हापिसातून उपाशी येते."

दुसऱ्या मजल्यावरच्या पूर्णिमा दीदींशी मात्र तेवढी ओळख नव्हती. त्या सोमवारी गंधालीने बेल वाजवली आणि सुचलं ते बोलली. "दीदी, थोडं विरजण मिळेल? थंडीत दहीच लागत नाही."

"हव, क्यों नहीं," म्हणून दीदींनी वाटीभर दही दिलं.

इथे संपायला हवं होतं. पण शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, हे गंधालीला आईने अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. म्हणून मंगळवारी वाटीत खीर गेली. (ती करायला ती पाऊण तास आधी उठली. ज्या अंगाला विश्रांती हवी होती, त्याच अंगाने.) दीदींकडेही तीच शिकवण असावी. बुधवारी त्या वाटीतून ठेठरी आली, बेसनाची, कुरकुरीत, आणि "यहीं खाके देखो" असं म्हणत समोर उभं राहून खायला लावलेली. गुरुवारी गंधालीने साबुदाण्याची खिचडी दिली. शुक्रवारी गुळाची गोड खुरमी आली. वाटी वर-खाली होत राहिली, आणि तिच्यापायी गंधाली पहाटे उठत राहिली. वाटीला खंड पडला की पुन्हा विरजण मागायचं. आठवड्यातून तीनदा.

आठवड्यातून तीनदा जिचं दही फसतं तिच्याबद्दल लोक काय समजतील, हा विचार तिने केलाच नव्हता. तो खालून सगळं ऐकणाऱ्या श्यामरावांनी केला, आणि एका रविवारी ब्राह्मणपाऱ्यातल्या देवळात सासूबाईंच्या कानावर घातला.

संध्याकाळी फोन आला. "काहून व गंधाली, तुले दही लावता येत नाही म्हणे?"

गंधालीने मनात हिशेब केला. नाही म्हणावं तर विरजण काहून मागते, हा पुढचा प्रश्न. हो म्हणावं तर नाक गेलं. तिने नाक जाऊ दिलं.

"नाही येत, आई."

"मंग येतो मी शनिवारी. आठ दिवस राहतो. दही शिकल्याबिगर सोडत नाही तुले."

शनिवारी सासूबाई आल्या, मातीचं गाडगं घेऊन. ऑफिसला सुटी होती, पुष्कर दुपारचा झोपला तो अजून उठायचा होता. साडेसहाला दोघी कोपऱ्यावरून दूध घेऊन परतल्या. गंधालीच्या हातात दुधाच्या चार पिशव्या, सासूबाईंच्या हातात कोथिंबीर.

"चाल," सासूबाई म्हणाल्या. "तू पुढं हो. खो-खोवाली आहे, मले तुह्यासोबत नाही जमणार."

पहिल्या मजल्यावर श्यामराव दारातच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, पण गंधाली "येते काका" म्हणून पुढे सटकली. थांबली असती तर विरजणाचा विषय निघालाच असता. दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवणं शक्यच नव्हतं. दही शिकवायला आलेल्या बाईदेखत दही कोण मागणार? तिने दीदींच्या दाराकडे पाहिलंही नाही. पुढच्या सात पायऱ्या ती बाबांच्या नावावर चढली. आठवी पायरी जमली नाही.

ती पडली नाही. बसली. पण दुधाच्या पिशव्या तिच्याआधी बसल्या, आणि दोन फुटल्या.

एक लिटर दूध किती असतं हे पातेल्यात कळत नाही, जिन्यात कळतं. ते पायरीपायरीने, अजिबात घाई न करता खाली गेलं, सासूबाईंच्या चपला ओलांडून, आणि पूर्णिमा दीदींच्या दाराखालून आत शिरलं.

दार उघडलं. दीदींच्या हातात भरलेली वाटी होती.

"क्या हुआ बहू? आज घंटी नहीं बजाई?" मग सासूबाईंकडे वळून, अगदी काळजीने, "रोज तो चार मिनट दरवाजे से टिककर खड़ी रहती है, साँस लेती है, फिर घंटी बजाती है। मैं तब तक कटोरी भर लेती हूँ।"

दाराला बाहेरचं बघायचं भिंग होतं. इतके दिवस त्या भिंगासमोर गंधाली डोळे मिटून, तोंड उघडं टाकून उभी राहत होती.

"मले बी माहीत होतं," खालून श्यामरावांचा आवाज आला. "चढावर गाडी हळू होते. त्यात गाडीची काय चूक? म्हणून तर गोष्ट लांबवत होतो."

सासूबाई वर आल्या. कोथिंबीर त्यांनी दीदींच्या हातात दिली आणि गंधालीच्या शेजारी, कोरड्या पायरीवर टेकल्या.

"काय आहे?"

गंधालीने पर्समधून रिपोर्ट काढला. चष्मा वर घरात होता, म्हणून सासूबाईंनी कागद हातभर लांब धरून वाचला. कळलं काहीच नसावं, पण वाचला शेवटपर्यंत.

"लग्नाच्या आधीपासून होतं?"

हाच तो प्रश्न. गेले कित्येक आठवडे ती ज्याला घाबरून खीर करत होती तो. आता तो इतक्या साध्या आवाजात आला, की तिला रडू फुटलं.

"मला नव्हतं माहीत, आई. दिवाळीच्या आधी कळलं. खरंच. बाबांनाही नव्हतं माहीत. तुम्हाला वाटेल त्यांनी लपवलं..."

"तुह्या बाबानं मले काय सांगतलं होतं?"

"खो-खो."

"अन मी त्याहिले काय सांगतलं होतं?"

गंधालीला आठवायला वेळ लागला. "हे पहाटे पाचला उठतात. आणि स्वतःचं अंथरूण स्वतः काढतात."

दोघींनी वर, तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. तिथून घोरण्याचा आवाज येत होता, बारीक पण स्पष्ट.

"अकरा महिने झाले," सासूबाई म्हणाल्या. "तू बोलली का मले काही?"

"नाही."

"मंग मी काहून बोलीन? पुस डोळे. तुह्या बाबाले कोणी काही म्हणत नाही." त्यांनी पदर सावरला. "बस दोन मिनिटं. मले बी दम लागला आहे."

दूध दीदींनी आणि सासूबाईंनी पुसलं. गंधालीला कुणी उठू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी श्यामरावांनी नोकरीतली काळी लोखंडी पेटी पहिल्या मजल्याच्या वळणावर आणून ठेवली आणि तिच्यावर उशी घातली. दुसऱ्या मजल्यावर प्लास्टिकची खुर्ची आली. विरजणाची गरज संपली. वाटी भरून परत करायची नाही, अशी सासूबाईंनी दीदींसमोर गंधालीला तंबी दिली. पण ती फक्त गंधालीपुरती होती, दीदींकडून वाटी येतच राहिली. बसलीच आहे तर खा, असं पेटीवर. बसलीच आहे तर खा, असं खुर्चीवर. गंधालीला नाही म्हणायला बळ लागायचं, आणि तेवढं बळ तिला नव्हतं. सासूबाईंचे आठ दिवस पाच आठवडे झाले. तिसऱ्या मजल्यावर त्या ताट वाढून बसायच्या.

लिफ्टचा पार्ट आला नाही, पण तपासणीची तारीख आली. सासूबाई सोबत गेल्या.

"आकडा पाच पूर्णांक नऊ," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "उतरतोय. अजून गोळी नको, परत तपासू." गंधालीने सुटकेचा श्वास सोडला, तोवर मॅडमनी तिला काट्यावर उभं केलं. "वजन मात्र साडेतीन किलो वाढलंय. हे थायरॉइडवर ढकलू नका, एवढ्याशा आकड्याने एवढं नाही वाढत. चालणं होतं का?"

"जिना. रोज तीन मजले."

"दमलं की थांबता ना? सांगितलं होतं मी."

"हो. दोन्ही मजल्यांवर. बसते सुद्धा."

"छान. बसून काय करता? श्वासाचा व्यायाम?"

गंधालीने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

"खाते," गंधाली म्हणाली.