कागदोपत्री कंबर

"आता सांगतो ते कुणाला पटायचं नाही," असं म्हणून जीवरामआबांनी पाचोऱ्याच्या पॅडल कोर्टाच्या काचेला पाठ टेकली आणि समोरच्या चौघांकडे, म्हणजे खरं तर एकट्या लताबाईंकडे, पाहिलं. लताबाई संघाच्या कप्तान. रविवारी धुळ्याशी सामना, यादीत जागा एकच उरलेली, आणि आबांची सर्व्हिस खांद्याच्या उंचीवरून येते अशी तक्रार तीनदा आलेली. चाळीस वर्षं केळीचे घड खांद्यावर वाहिलेला माणूस. कमरेखाली उतरायला त्याच्या हाताला अपमान वाटे.

पॅडल म्हणजे काचेच्या भिंतींआड खेळायचं टेनिस; त्यात सर्व्हिसचा नियम तसा साधा. चेंडू आधी जमिनीवर टप्पा पाडून कमरेखालीच मारायचा, तिरका, पलीकडच्या चौकटीत. शहाणा खेळाडू जोर लावत नाही. चेंडू हळू सोडतो. टप्पा घेऊन तो काचेला घासतो आणि तिथेच मरतो. तोवर आपण जाळीपाशी हजर. आबांना हे सगळं जमत होतं. आड येत होती ती फक्त कंबर.

"मागच्या साली जावयाच्या गावी, साक्रीला, खेळायला उतरलो. पंच ओरडला, 'कमरेच्या वर!' मी म्हटलं, साहेब, कंबर म्हणजे नेमकी कुठे? त्यानं नियमांचं पुस्तक उलटंपालटं केलं. कंबर होती, तिचा पत्ता नव्हता."

मग स्पर्धेची समिती बसली. तीन बैठका आणि सहा किलो शेव संपल्यावर परिपत्रक निघालं: 'ज्या ठिकाणी करदोडा बांधलेला आढळेल, ते स्थळ सदर खेळाडूची कंबर समजण्यात यावे.'

आबांनी त्याच संध्याकाळी करदोडा बेंबीच्या वर घेतला. पहिल्या फेरीत तो बरगड्यांवर होता, उपांत्य फेरीत काखेत.

"आणि पंच?" चौघांतल्या चुडामणनं विचारलं.

"पंच टेप लावून मोजायचा आणि म्हणायचा, नियमात आहे."

अंतिम सामन्याआधी धुळ्याचा धर्मेंद्र करदोडा कपाळाला बांधून आला. समिती हादरली. तातडीचा आदेश सुटला: यापुढे प्रत्येक कंबर सरकारी कार्यालयातून प्रमाणित करून आणावी. दाखला नाही त्यास कंबर नाही. कंबर नाही त्यास सर्व्हिस नाही.

"धर्मेंद्रचा अर्ज पडला टेबलाखाली. बिचारा बॅट घेऊन उभा, आणि कंबर विचाराधीन! त्याची प्रत्येक सर्व्हिस बाद. सामना आपला."

इथवर चौघांच्याही माना डोलत होत्या. तुमचीही डोललीच असेल. लताबाईंनी यादीत जीवरामचा 'जी' लिहिला.

"पण आबा, तुमचा दाखला?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"त्याचं काय! शुक्रवारी जेवण करून कार्यालयात गेलो. साहेब खुर्चीवरच होते. म्हणाले, 'या आबा, बसा.' पहिल्याच खेपेत सही, शिक्का, वर चहा..."

लताबाईंचं पेन 'जी'वरच थांबलं. त्या म्हणाल्या,

"करदोडा काखेत, खरं शे. बिनकमरेचा धर्मेंद्र, तोबी खरा शे. पण शुक्रवारी, जेवणानंतर, साहेब खुर्चीवर? थाप शे, आबा, थाप!"