पन्हळीचा दावा आणि रक्ताचा दाब

मनुष्याच्या अंगात रक्त असते, ही गोष्ट पुरातन काळापासून सर्वमान्य आहे. परंतु त्या रक्ताला दाब असतो आणि तो मोजता येतो, हे सोलापूरच्या शुक्रवार पेठेला कळायला एकोणीसशे चौतीस साल उजाडावे लागले. तोपर्यंत पेठेतले लोक दाबाशिवाय जगत आणि दाबाशिवायच मरत. (आपण कशाने मरतो आहोत हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांचे शेवटचे दिवस सुखात जात.)

त्या साली डॉक्टर हिंदुराव मुंबईहून पाऱ्याचे यंत्र घेऊन आले. दंडाला फडके गुंडाळायचे, रबरी फुगा दाबायचा आणि काचेच्या नळीत पारा चढत असताना रोग्याने त्याच्याकडे बघत राहायचे, असे त्याचे स्वरूप होते. यंत्र येण्यापूर्वी पेठेत रक्तदाबाचा एकही रोगी नव्हता. यंत्र आल्यावर शंभर घरांमागे एकशे चार रोगी निघाले. (काही घरांत दोन-दोन होते.) विज्ञानाची प्रगती म्हणतात ती हीच.

या रोग्यांतले पहिले मानकरी गंगाधरपंत करकंबकर. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, उंच, ताठ आणि रागीट. रागीट हा शब्द इथे तोकडा पडतो. पंत कचेरीत तापले की बाहेर उभ्या असलेल्या टांग्यांचे घोडे आपणहून चालू लागत, असे सांगतात. निवृत्तीनंतर एवढा राग कुठे ठेवायचा, असा प्रश्न दुसऱ्या कोणाला पडला असता. पण देवाला सगळ्यांची काळजी असते. त्याने पंतांना बसलिंगप्पांच्या शेजारी घर दिले होते.

बसलिंगप्पा हे शेंगांचे अडते. त्यांच्या घराच्या सपाट छपरावरचे, म्हणजे माळवदावरचे, पाणी जाण्यासाठी जी पन्हळ होती, तिचे तोंड पंतांच्या परसातल्या भिंतीकडे होते. पाणी आपल्या भिंतीवर पडते, म्हणून पंतांनी दावा लावला होता. सोलापुरात पाऊस किती पडतो हे सोलापूरकरांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून पटायचे नाही. त्या पन्हळीतून आजवर पाण्यापेक्षा चिमण्याच जास्त ये-जा करीत आल्या. परंतु हक्काचा प्रश्न ओले-कोरडे पाहत नसतो. दावा खालच्या कोर्टातून वर आणि वरच्या कोर्टातून पुन्हा खाली, पाण्याला कधी जमले नसते इतका वाहत होता.

रोज सकाळी तोंड धुऊन पंत परसात येत, पन्हळीकडे बोट दाखवीत आणि बसलिंगप्पांच्या घराण्याविषयी सविस्तर बोलत. माळवदावर उभे राहून बसलिंगप्पा निम्मे मराठीत आणि निम्मे कानडीत उत्तर देत. (कानडीतले निम्मे जास्त जिव्हारी लागे, कारण ते पंतांना कळत नसे.) एके दिवशी बसलिंगप्पांच्या आज्यापर्यंत पोचलेले असताना पंतांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि वाक्य अर्धे टाकून ते मटकन खाली बसले. बसलिंगप्पांनी माळवदावरून थेट पंतांच्या परसात उडी घेतली, पंतांना खांद्यावर टाकले आणि “टांगा! टांगा!” करीत गल्लीतून धावत सुटले.

डॉक्टरांनी फडके गुंडाळले, फुगा दाबला आणि म्हणाले, “एकशे नव्वद.”

पंतांचा चेहरा उजळला. मॅट्रिकला गणितात त्यांना पस्तीस होते. “कितीपैकी?”

“पंत, हे मार्क नव्हेत. दाब असाच चढत राहिला, तर एखाद दिवस मेंदूतली शीर फुटेल.”

पंतांनी नळीकडे पाहिले. त्यांचे वडील असेच गेले होते. जेवताना सख्ख्या भावाला उद्देशून त्यांनी एक वाक्य सुरू केले आणि ते पुरे झालेच नाही. (पुढे काय म्हणायचे होते, यावर भाऊबंदांत अजून दोन तट आहेत.) पंत तेव्हा शेजारच्याच पाटावर बसले होते. आता नळीतला पारा हळूहळू उतरत होता आणि पंतांना वडिलांचा तो पाट दिसत होता.

“औषध?” त्यांनी हळूच विचारले.

“खात्रीचं नाही. राहणी बदला. मीठ सोडा, लोणची-पापड सोडा. पहाटे तलावाभोवती चाला. रात्री लवकर निजा. आणि राग बंद.”

“तो गिळू, की थुंकू?”

“यायलाच नको,” डॉक्टर म्हणाले.

पंत जन्मभर सरकारी हुकमांची तामिली करीत आलेले. त्यांनी हाही हुकूम त्याच बाण्याने अमलात आणला. त्याच दिवशी मिठाची बरणी शेजघरात कुलपात गेली. पंतांच्या पत्नी सरोजिनीबाई यांनी अळणी आमटी, अळणी भाजी आणि अळणी शेंगाचटणी वाढली. शेंगाचटणीतून मीठ वजा केले असता बाकी काय उरते, याचा शोध सोलापुरात त्यापूर्वी कोणी घेतला नव्हता. पंतांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ तो तोंडातच ठेवला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

“कशी झालीय?” सरोजिनीबाईंनी विचारले.

“शांत,” पंत म्हणाले.

चालण्याची हकीकत निराळी. तलावाकाठी पहाटे हिंडणारे सगळे लोक प्रकृतीसाठीच हिंडत असल्यामुळे तिथे रोग्यांपेक्षा वैद्य फार भेटत. पहिल्याच फेरीत पंतांना लसूण, शेवग्याचा पाला, मौन आणि दुसरे लग्न असे चार उपाय कळले. एका पेन्शनर फौजदारांनी शीर्षासन सुचवले. त्यांचे शास्त्र असे, की दाब वर चढला असेल तर माणूसच उलटा करावा, म्हणजे दाबाला खाली उतरल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. पंतांनी सगळ्यांचे ऐकून घेतले. पूर्वी त्यांनी फौजदारांना तलावात ढकलले असते.

रागासाठी त्यांनी औटकी धरली. राग येतोसा वाटला, की साडेतीनचा पाढा म्हणायचा. भांडी घासणाऱ्या केराबाईच्या हातून तांब्याचा हंडा निसटून आडात गेला, तेव्हा पंत तिच्यापुढे डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, “सात औटे साडेचोवीस, आठ औटे अठ्ठावीस...”

केराबाई पांढरीफटक पडली. “वैनीबाई,” ती आत धावली, “मालक माज्यावर मंतर टाकाया लागल्यात! त्यापरीस चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं की वो!”

पुढच्या खेपेला पारा एकशे सत्तरपर्यंत उतरला, पण तिथेच अडून बसला. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारले. पंतांनी पन्हळीची हकीकत सांगितली. ती सांगता सांगता पारा पुन्हा एकशे नव्वदला गेला आणि डॉक्टरांना निदान झाले. “दावा काढून घ्या,” ते म्हणाले.

घरी येऊन पंतांनी परसात बैठक मारली. समोर पन्हळ होती. तिच्यासाठी त्यांनी ऐन कारकिर्दीतल्या रजा खर्ची घातल्या होत्या. पण मधूनच वडिलांचा तो पाट आठवे. शेवटी त्यांनी कोर्टात जाऊन दावा काढून घेतला. बातमी फुटताच दोन्ही बाजूंचे वकील एकत्र येऊन पंतांच्या प्रकृतीची चौकशी करून गेले. त्यांतल्या एकाचे डोळे खरोखर ओले होते.

संध्याकाळी पंत स्वतः बसलिंगप्पांच्या दारात गेले. “बसलिंगप्पा, राहू द्या ती पन्हळ. मी दावा काढून घेतला.” एवढे बोलून ते वळले आणि औटकी पुटपुटत घरी आले.

बसलिंगप्पा उंबऱ्यातच बसले. “चंद्रव्वा,” त्यांनी बायकोला हाक मारली, “पंत काय म्हणाला ऐकलीस? ‘राहू दे’ न्हाई म्हणाला. ‘राहू द्या’ म्हणाला! यप्पा, ह्यात कायतरी हाय!”

काय आहे, याचा त्यांनी पद्धतशीर तपास सुरू केला. पंतांना जुना कागद सापडला असावा आणि आता ते पन्हळच काय, अख्खे माळवद मागणार असावेत. तसे नसल्यास, भिंतीत मोहरांचा हंडा असून पन्हळीच्या पाण्याने भिंत पडावी अशी पंतांची इच्छा असावी. तेही नसल्यास करणी. पंत हल्ली रस्त्यात भेटले की हसतात, हा तिसऱ्या अनुमानाला भक्कम पुरावा होता. बसलिंगप्पांची भूक गेली. पेढी उघडी टाकून ते भर उन्हात माळवदावर पन्हळीवर पहारा देत बसू लागले. शेवटी आठवड्याच्या बाजारादिवशी त्यांना तिथेच घेरी आली.

डॉक्टर हिंदुराव यंत्र घेऊन धावले. दोनशे दहा.

हा आकडा ऐकून पंतांना क्षणभर असूया वाटली. (पेठेतला उच्चांक त्यांच्या नावावर होता.) मग लाज वाटली, आणि मग भीती.

दुसऱ्या दिवशी चंद्रव्वा पंतांच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. पदराने डोळे पुसत म्हणाली, “पंत, तुमी दावा सोडलात, ह्यांनी अन्न सोडलं. डॉक्टर म्हणतोय, मनाला शांती पायजे. ह्यांना शांती सोसत न्हाई ओ. एकदा येऊन शिव्या द्या की.”

“मला रागवायची बंदी आहे,” पंत कळवळून म्हणाले.

“मग रागवू नका,” सरोजिनीबाई आतून म्हणाल्या. “नुसत्या शिव्या द्या. त्या दिवशी तुम्हाला खांद्यावरून कोणी नेलं?”

पंत उठले. परसात जाऊन खाकरले आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काय हो बसलिंगप्पा, आपण जरा... नालायक आहात.”

पलीकडून नुसते कण्हणे आले. एवढ्या दिवसांच्या अळणी आमटीने पंतांची जीभच अळणी झाली होती. त्यांनी उमेद मिळावी म्हणून सवयीने पन्हळीकडे बोट केले आणि बोट तसेच राहिले. पन्हळ नव्हती! तिच्या जागी नुसते भोक होते. करणीच्या भीतीने बसलिंगप्पांनी घेरी यायच्या थोडे आधी ती उपटून टाकली होती.

“अरे चोरा!” पंत असे गरजले की गल्लीतला टांगा चालू लागला. “माझी पन्हळ कुठं आहे? अर्धी हयात मी जिच्याशी भांडलो, ती मला न विचारता काढतोस? तुझ्या बापानं लावली होती ती! त्याला तरी काही अक्कल होती!”

पलीकडे बाज करकरली. मग माळवदाचा जिना वाजला आणि पांघरुणासकट बसलिंगप्पा वर उगवले. “माझी पन्हळ हाय! काढीन न्हाईतर गळ्यात घालून फिरीन, तुला काय करायचंय बे?” आणि बायकोकडे वळून, विजयी चेहऱ्याने, “बघितलीस? पोटात हुतं की न्हाई पंताच्या? दोन भाकऱ्या टाक!”

चंद्रव्वा रडत रडत चुलीकडे पळाली.

पन्हळ पूर्ववत बसवून मिळावी, असा नवा दावा पंतांनी त्याच आठवड्यात दाखल केला. तेव्हापासून दोघांचा नित्यक्रम ठरून गेला. परसात विषय संपत नाही म्हणून दोघेही भांडत भांडत तलावाला पूर्ण फेरी घालतात. बसलिंगप्पांचेही मीठ बंद झाल्याने फेरीअखेर दोघे मिळून सरोजिनीबाई आणि चंद्रव्वा यांच्या स्वयंपाकाची निंदा करतात. दोघांचाही पारा एकशे चाळीसला येऊन स्थिरावला आहे.

डॉक्टर हिंदुरावांचे म्हणणे असे, की हा गुण मिठाचा, चालण्याचा आणि वेळेवर निजण्याचा. पण डॉक्टर पडले शिकलेले. त्यांचे कोण ऐकतो? पेठेने आपल्यापुरता निष्कर्ष काढला. मीठ कोणी सोडले नाही, चालायला कोणी गेले नाही. मात्र घरटी एकेक दावा लागला. ज्यांना शेजारी सालस लाभले होते त्यांची फार कुचंबणा झाली आणि त्यांना दुसऱ्या पेठेतून भांडणे आणावी लागली. पेठेचा सरासरी दाब तूर्त एकशे ऐंशी आहे. डॉक्टरांनी परवा दार लावून स्वतःचाही मोजला. आकडा ते सांगत नाहीत.

हा वृत्तान्त वाचताना, बसलिंगप्पा म्हणजे हुबेहूब आपलाच शेजारी, असे ज्या सुज्ञ वाचकाला वाटले असेल, त्याने हसण्यापूर्वी जरा भिंतीला कान लावावा. पलीकडे शेजारीही हेच पान वाचतो आहे, आणि त्याने तर पहिल्याच वाक्याला आपल्याला ओळखले आहे.