हाकलण्याआधी नाव विचारणारे साळवी सर

गुरुवारी साळवी सर गेले. सकाळी ऑफिसात त्यांच्या मुलीचा फोन आला. मी तो घेतला, शेजारच्या टेबलावरच्या नेहाला सांगितलं आणि आम्ही दोघी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो.

सर असते तर वरच्या ओळींतूनही त्यांनी काहीतरी वेचून बाजूला काढलं असतं. निवडणं हे त्यांचं काम होतं आणि खोडही.

ठाण्यातल्या एका संशोधन केंद्रात आम्ही वयस्कर माणसांच्या विसरण्याचा अभ्यास करतो. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून मेंदूतल्या विजेचा आलेख घ्यायचा, म्हणजे ईईजी. ही वीज फार क्षीण असते. पापणी लवली, जबडा आवळला, घाम आला, की त्या गोंगाटात मेंदू ऐकूच येत नाही. तो गोंगाट काढायचा आणि मेंदू तेवढा मागे ठेवायचा, हे आमचं काम. नेहा त्याला कचरा काढणं म्हणते. सर तांदूळ निवडणं म्हणत. "कचरा म्हटलं की माणूस न बघता फेकतो," ते म्हणायचे. "हाकलण्याआधी नाव विचारावं."

नाव ते खरोखरच विचारत. स्क्रीनवर नागमोडी रेघा सरकत असत आणि सर त्यांच्याशी गप्पा मारत. "या, पापणीबाई, या. किती घाई!" "हा घाम. खोलीतला एसी पुन्हा रुसला वाटतं." कल्याणचे एक व्यापारी एकदा टोपी घालून डोळे मिटून शांत बसले होते. सर रेघांकडे पाहत म्हणाले, "यांच्या गालात सुपारी आहे." नेहा आत जाऊन विचारून आली. गृहस्थ शपथेवर नाही म्हणाले. सर स्वतः आत गेले. "शेठ, चघळा, पण आधी माझं काम होऊ द्या." शेठनी मुकाट्याने सुपारी काढून रुमालात बांधली.

सरांचं खरं वैर मात्र खोबरेलाशी होतं. केसांना तेल असलं की इलेक्ट्रोड नीट चिकटत नाही. म्हणून आम्ही आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करून सांगतो, तेल लावू नका. आणि आमची माणसं डॉक्टरांकडे जायचं म्हणून मुद्दाम चापूनचोपून येतात. सर दारातच उभे राहून वास घेत.

"आजी, तेल लावू नका म्हटलं होतं ना?"

"तेल कुठे लावलंय? नुसतं खोबरेल आहे."

मग सर बाह्या सरसावत आणि बेसिनवर आजींचं डोकं शांपूने धुवून देत. एक आजोबा तर पुढच्या खेपेलाही तेल थापून आले. चिडलेल्या सरांना म्हणाले, "साहेब, तुमचा हात हलका आहे हो. आमच्या घरी आता कोण एवढं करतं?" सरांनी पुन्हा धुतलं.

माणसं वाचायची ही खोड स्क्रीनपुरती उरली नव्हती. लग्नात जेवताना ते मला कोपराने खुणावत, "मुलीचे वडील बघा. सकाळपासून जबडा आवळून बसलेत." नेहाला म्हणत, "आज भांडून आलीस. कपाळाचे स्नायू सांगतायत." नेहा वैतागायची. "सर, माझ्या कपाळावर तुमची टोपी नाहीये!"

नेहाने एक प्रोग्राम बसवला होता. तो मिनिटभरात सगळं साफ करायचा. सर त्याची तारीफ करत आणि मग सगळं पुन्हा डोळ्यांखालून घालत.

याच अभ्यासात सरांच्या पत्नी, शरयूवहिनी, होत्या. त्या डोंबिवलीच्या एका शाळेत शिकवत. विसरायला लागल्या तेव्हा, सही करण्याइतकं भान होतं तोवर, त्यांनीच संमतीपत्र मागून घेतलं. "शिकवून झालं," त्या मला म्हणाल्या. "आता हे बिघडलेलं डोकं तरी कुणाच्या उपयोगी पडू दे." सरांनी ते मनावर घेतलं. वहिनींचं रेकॉर्डिंग अभ्यासात गेलंच पाहिजे, आणि तेही नियमाने.

नियम सरांचाच होता: नातेवाईक बाहेर. हात धरला, डोक्यावरून हात फिरवला, तरी आलेख बिघडतो. वहिनींची वेळ आली तेव्हा सर काचेच्या दाराबाहेर उभे राहिले. आत, वहिनींजवळच्या स्क्रीनपाशी, मी होते.

वहिनींनी डोळे मिटले आणि थोड्या वेळाने हाक मारली, "अहो."

स्क्रीनवर सगळ्या रेघा एकदम जाड झाल्या. जबडा, जीभ. मी म्हटलं, "वहिनी, ते बाहेरच आहेत. बोलू नका हं." त्या हो म्हणाल्या. मग परत, "अहो." काचेपलीकडे सरांचा हात दाराच्या मुठीवर आला आणि मागे गेला. वहिनी हाक मारत राहिल्या, हात येत-जात राहिला. सर आत आले नाहीत.

नेहाच्या प्रोग्रामने जवळजवळ सगळंच रेकॉर्डिंग टाकून दिलं. अमुक इतका स्वच्छ भाग उरला नाही तर ते बाद होतं, आणि वहिनींची तब्येत आता दुसऱ्यांदा आणण्यासारखी नव्हती.

"सर, नाही होणार हे," नेहा हळूच म्हणाली. "मी प्रोग्राम दोनदा चालवून बघितलेला."

"हाताने करतो."

"थोडी मर्यादा सैल करूया ना? कोणाला कळणारे?"

"तिला चाललं नसतं. नापास मुलाला ती एकही मार्क वाढवून देत नसे." मग ते माझ्याकडे वळले. "माझी बायको आहे. माझा हात चुकेल. मी निवडलेलं सगळं तू तपासायचं."

आठवडाभर सर खुर्चीवरून हलले नाहीत. डबाही तिथेच. प्रत्येक हाकेची सुरुवात शोधायची, शेवट शोधायचा, तेवढाच तुकडा कापायचा. केसभर जास्त नाही, केसभर कमी नाही. मी दोन जागी हरकत घेतली. एक त्यांनी वाद न घालता मान्य केली. दुसऱ्या जागी एक हाक कापायची राहिली म्हटल्यावर म्हणाले, "ही हाक नाही. हाक मारायच्या आधी ती श्वास घेते, तो आहे." आणि तोही कापला.

शेवटी उरलेला भाग नियमात बसला. नेहाने टाळ्या वाजवल्या, कॅन्टीनमधून बटाटेवडे आणले. सरांनी वडा तसाच ठेवला आणि मूळ रेकॉर्डिंग, न निवडलेलं, पहिल्यापासून लावलं. मला वाटलं, अजून काही तपासायचं राहिलंय, म्हणून मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. रेघा सरकत होत्या. एके जागी त्या जाड झाल्या.

"आलो," सर पुटपुटले.

रेघा शांत झाल्या, पुन्हा जाड झाल्या. "आलो गं." असं ते शेवटपर्यंत बसले, एकही हाक न चुकवता. मी मागे होते, हे त्यांना कळलं नसावं. मी माझा वडा घेऊन टेबलाशी गेले.

सर गेल्यावर मुलगी वहिनींना कळव्याला घेऊन गेली. त्यांचं रेकॉर्डिंग अभ्यासात धरलं आहे. ते स्वच्छ आहे. त्यात एकही हाक नाही.