अतिउच्च सेटिंगवरचं जंगल

एका जंगलात एके दिवशी एक चित्र थांबलं. फार वेळ नाही. पापणी लवायला लागतो तेवढाच.

पण ते थांबलं आणि टिटवी दचकली.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, टिटवी दचकली यात नवल ते काय? खरं आहे. टिटवी दचकण्यासाठीच जन्माला येते. आभाळ कोसळलंच तर झेलता यावं म्हणून ती पाय वर करून झोपते. त्यात आपली ही टिटवी, रेवा, जरा जास्तच. पान पडलं की ती ओरडायची. पान पडलं नाही तरी ओरडायची, की आज अजून पडलं कसं नाही! शिकलेली होती. उड्डाणशास्त्राची पदवी होती तिच्याकडे. लेखी परीक्षेत पहिला वर्ग. प्रात्यक्षिकात मात्र काठावर पास, कारण ती हवेत असताना परीक्षक शिंकले होते.

त्या जंगलाचे राजे वज्रनख महाराज. सिंह. त्यांनी गुहेत नवाकोरा कॉम्प्युटर आणला आणि त्यावर विमान उडवायचा सिम्युलेटर घातला. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. आली होती. अधूनमधून जातही होती, म्हणजे खरीच होती.

सिम्युलेटर मोठा हुशार. त्यात खोटं जंगल नव्हतंच. आकाशातला एक डोळा रोज पहाटे खऱ्या जंगलाचा फोटो काढायचा आणि झाड न् झाड, दगड न् दगड पडद्यावर उमटायचा. महाराज गादीवर बसायचे, पंजात जॉयस्टिक धरायचे आणि आपल्याच राज्यावरून उडायचे. राज्यात पायी फिरणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

फक्त शेजारी बसून "आता नाक वर, महाराज" म्हणायला पंख असलेलं कुणीतरी हवं होतं. गरुडाने मान फिरवली. रेवाने हो म्हटलं. नदीकाठच्या गोट्यांत तिची चार अंडी होती, आणि राजाच्या उड्डाण सल्लागाराच्या अंड्यांना मुंगसाने तोंड लावायचं नाही, असं फर्मान नोकरीबरोबर मिळत होतं. टिटवीला याहून मोठा पगार कुठला?

तर पहिल्याच दिवशी विमान सागवनावर आलं आणि चित्र थांबलं.

"महाराज, थांबलं!" रेवा ओरडली.

"काय थांबलं?"

"चित्र. म्हणजे आता चालू आहे. मघाशी थांबलं होतं."

"मघाशीचं आता कशाला?" महाराज म्हणाले.

रेवा ओशाळली. उडून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर जाऊन बसली, आणि पुन्हा दचकली. पायांना चटका बसला होता.

डब्यावर राणीसाहेबांचं झाकण होतं. डाळिंबी मखमल, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत जरीची झालर, वर भरतकामाचं कमळ. डब्याला श्वास घ्यायला फट म्हणून कुठे ठेवलेली नव्हती.

"डबा तापलाय!" रेवा म्हणाली.

हुप्पेराव वानर हसले. कॉम्प्युटरच्या वायरी त्यांनी जोडल्या होत्या, म्हणून ते राज्याचे कॉम्प्युटरतज्ज्ञ होते. "टिटवीबाई, तुम्ही तर चांदणं पडलं तरी ओरडता."

सगळे हसले. रेवाने राणीसाहेबांकडे पाहिलं. "हे झाकण जरासं... म्हणजे कदाचित..."

"काय झालं झाकणाला?" राणीसाहेब म्हणाल्या. "माहेरहून आलंय ते. कमळ माझ्या आईने भरलंय. काढलं की धूळ बसते."

"कमळ फार सुरेख आहे," रेवा म्हणाली.

बस्स. एवढंच ती म्हणाली. घरी जाऊन नवऱ्याला मात्र म्हणाली, "अहो, काहीतरी बिनसलंय हो."

"तुला रोजच काहीतरी बिनसलेलं दिसतं," टिटवा अंड्यांवर बसल्या बसल्या म्हणाला. "आता जरा तू बस. माझ्या पायांना मुंग्या आल्यात."

दुसऱ्या दिवशी विमान सागवनावर आलं ते तिथेच लटकलं. मग धाडकन कोसळलं. महाराजांनी अशी गर्जना केली की गुहेच्या छताची माती पडली. राज्यारोहणाचा वाढदिवस पुढच्या पौर्णिमेला होता. साऱ्या प्रजेसमोर गुहेपासून नदीपर्यंत उडून दाखवायची घोषणा होऊन बसली होती.

हुप्पेरावांनी डोकं खाजवलं. शेपटीही खाजवली. "महाराज, चित्र जड होतंय. आपण सेटिंग अतिउच्चवर ठेवलंय. ते मध्यम करू. नाहीतर साधं. पानं थोडी कमी दिसतील, पण..."

"साधं?" महाराज हळूच म्हणाले. ते हळू बोलले की जास्त भीती वाटायची. "आम्ही साधं बघायचं? कोल्ह्याच्या घरी साधं असतं. सशाच्या घरी मध्यम असतं. आमच्या राज्यात जे जे आहे ते सगळं दिसलं पाहिजे. अतिउच्चच!"

"अर्थातच, अतिउच्चच," हुप्पेराव म्हणाले. घाम पुसला. आणि मग मुलांनो, हुप्पेरावांना ती कल्पना सुचली. "जे जे आहे ते सगळं दिसलं पाहिजे, बरोबर. मग आपण जे आहे तेच थोडं कमी केलं तर?"

गुहेत सगळ्यांच्या माना डोलल्या. कौतुकाने.

सागवन तोडायचं कंत्राट रानडुकरांना मिळालं. आठवड्याभरात साग आडवा झाला. आकाशातल्या डोळ्याने फोटो काढला. सकाळी महाराज बसले, विमान सुटलं ते मोकळ्या माळावरून लोण्यासारखं गेलं.

"बघा, साग काढल्याचा गुण!" हुप्पेराव म्हणाले.

रेवाला वाटलं, रात्रभर बंद राहून डबा गार झालाय, म्हणून चाललंय. दुपारी बघा. दुपारी खरंच चित्र अडखळलं. उलट जास्तच. गुहेवर सावली सागाचीच पडायची, आणि आता ऊन थेट आत येत होतं. ती बोलायला चोच उघडणार होती. पण सकाळच्या उड्डाणावर सगळे इतके खूश होते की तिला वाटलं, आपलंच चुकत असेल. पहिल्या वर्गात पास झालेल्यांना असं फार वाटतं.

"आता बांबू जड होतोय," हुप्पेराव म्हणाले.

बांबू गेला. पाठोपाठ बाकीची झाडंझुडपंही गेली. मग चितळांना बोलावणं आलं.

"तुमच्या अंगावर ठिपके किती?"

"मोजले नाहीत, महाराज. जन्मापासून आहेत."

"एकेक ठिपका कॉम्प्युटरला वेगळा काढावा लागतो," हुप्पेराव म्हणाले. "राज्यासाठी एवढं करा."

चितळं चिखलात लोळली. मोराला पिसारा मिटून ठेवायला सांगितलं. "लग्नसराईपुरता उघडू का?" त्याने विचारलं. विचारविनिमय होऊन अर्धा उघडायची परवानगी मिळाली. पाण्यावरच्या लाटांचा लोड येतो म्हणून नदीला वरच्या अंगाला बांध घातला. नदी थांबली. पाणी आटलं. आणि खाली उघडे पडले गोटे.

लहान, मोठे, चपटे, गोल, करडे, तपकिरी, ठिपक्यांचे. दूरवर गोटेच गोटे.

"हे बघा!" हुप्पेराव टाळी वाजवून म्हणाले. "सगळं लोढणं इथे आहे! एवढे गोटे अतिउच्चवर काढायचे म्हणजे कुठलाही कॉम्प्युटर दमणारच. पौर्णिमेआधी नदीकाठ झाडून घ्या."

रेवा महाराजांच्या पायाशी जाऊन पडली. "महाराज, माझी अंडी आहेत तिथे."

"मग अंडी राहू देत," महाराज उदारपणे म्हणाले. "गोटे तेवढे काढा."

रानडुकरांच्या मुकादमाला घेऊन ती काठावर गेली. मुकादमाने डोळे बारीक करून पाहिलं. "बाई, यातली अंडी कुठली न् गोटे कुठले? आपल्याला तर सगळं एकच दिसतंय."

"तसं दिसावं म्हणूनच ती तशी आहेत!" रेवा रडकुंडीला आली.

"मग झकास जमलंय हो," मुकादम म्हणाला. "उद्या सकाळी त्या टोकापासून सुरू करतो."

तेव्हा रेवाने गुहेतल्या फोनवरून मदत कक्षाला फोन लावला. दूर कुठल्याशा शहरात सिम्युलेटर बनवणारी कंपनी होती, तिचा तो मदत कक्ष. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया थांबा." मग बासरी वाजू लागली. रेवा थांबली. कुणी कृपया म्हटलं की ती थांबायचीच. बासरी संपली की आवाज पुन्हा म्हणायचा, मोलाचा आहे. पुन्हा बासरी. तिने ठेवून दिला, पुन्हा लावला. पुन्हा बासरी.

"अगं, तुझी ती बासरी संपेपर्यंत डुकरं इथवर येतील," ती काठावर परतल्यावर टिटवा म्हणाला. "अंडी हलवू या."

"कुठे हलवायची?"

दोघांनी आजूबाजूला पाहिलं. माळ. माळाच्या पलीकडे माळ. झुडूप नाही, दगड नाही, आडोसा नाही. माळावरच्या एकट्या अंड्याला घार तासभरसुद्धा राहू देत नाही, आणि घारीला फर्मान लागू नव्हतं.

तेव्हा रेवाला तो पहिला चटका आठवला.

वाऱ्याने उडत आलेल्या पळसाच्या पानाच्या द्रोणात एकेक अंडं ठेवून, दोन कडा दोघांच्या चोचींत धरून त्यांनी चारही अंडी गुहेत आणली. डाळिंबी मखमल दुहेरी घडी करून डब्यावर पसरली. आत अंडी ठेवली. वर कमळ नीट ओढून घेतलं. ऊब अशी, की टिटव्यांच्या सात पिढ्यांनी अनुभवली नव्हती. शिवाय राणीसाहेबांचं झाकण उचलायची हिंमत राज्यात कुणाची होती? मुंगूस नाही, घार नाही, डुक्कर नाही. रेवा वर बसली. दुरून कुणालाही वाटावं, सल्लागार कामावर बसलीय.

त्या दिवसापासून डबा तापल्याचं ती कुणाला म्हणाली नाही.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. सारी प्रजा गुहेसमोर जमली. सावली नव्हती, म्हणून उन्हातच बसली. चितळं वाळल्या चिखलात खाजवत होती. मोर पिसारा अर्धा धरून अवघडला होता. माळावर एकच झाड उरलं होतं, गुहेशेजारचा उंबर. त्यावर हुप्पेराव राहायचे, आणि त्याची कार्यालय म्हणून नोंद होती.

महाराजांनी जॉयस्टिक धरली. विमान धावपट्टीवर सरकलं. थांबलं. सरकलं. थांबलं. नंतर सरकलंच नाही.

प्रजेतून कुणीतरी खोकलं.

"हुप्पेराव," महाराज हळूच म्हणाले, "अजून काय जड आहे?"

हुप्पेरावांनी बाहेर पाहिलं. माळावर नजर अडकेल असं एकच काही होतं. त्यांनी नजर घाईने आत घेतली. "महाराज, उंबर हलका असतो. फळातही किडेच असतात. आपण... आपण कंपनीलाच विचारू. टिटवीबाई, तुमचा तो फोन!"

फोन रेवाच्या कानाशीच होता. सकाळपासून बासरी ऐकत होती ती. आता तिला कुणी उचलायला नकोच होता. पण सवय झाली होती.

आणि मुलांनो, बासरी थांबली.

"नमस्कार," एका तरुण मुलीचा खराखुरा आवाज आला. "मदत कक्षातून बोलतेय. थांबावं लागलं त्याबद्दल सॉरी हं. काय त्रास होतोय?"

"चित्र थांबतं," रेवा म्हणाली.

"बरं. मला एवढंच सांगा मॅडम, डब्यावर काही झाकलंय का? कापड, झाकण वगैरे? बहुतेक घरांत तेवढंच असतं. काढलं की डबा गार होतो न् चित्र पाण्यासारखं चालतं. बाकी काहीसुद्धा करावं लागत नाही."

हे फक्त रेवालाच ऐकू आलं. तिने समोर पाहिलं. महाराज तिच्याकडे बघत होते. राणीसाहेब बघत होत्या. हुप्पेराव हात जोडून बघत होते. दाराशी टिटवा उभा होता. त्याच्यामागे उन्हात प्रजा, आणि प्रजेमागे माळ, जिथे साग होता, बांबू होता, नदी होती, आणि अंडी ठेवता येतील असे गोटे होते.

तिच्या पोटाखाली, मखमलीच्या आत, टक् असा आवाज झाला. मग पुन्हा, टक्. कुणीतरी आतून कवच ठोठावत होतं.

"मॅडम? झाकण आहे का?"

"नाही," रेवा म्हणाली. "डबा उघडाच आहे."

"मग तुमचं जंगलच जड असेल," मुलगी म्हणाली.

"काय म्हणतात?" महाराजांनी विचारलं.

"जंगल जड आहे म्हणतात," रेवा म्हणाली.

महाराजांनी सावकाश मान वळवून उंबराकडे पाहिलं आणि गर्जना केली. राणीसाहेब दचकल्या. चितळं उधळली. हुप्पेराव तर उभ्याचे बसले.

एकटी रेवा तेवढी दचकली नाही. अंडी हलली असती.

तात्पर्य: मुलांनो, बिघाड ज्याला सगळ्यांत आधी कळतो, त्याला गप्प बसा म्हणू नये. त्याला त्या बिघाडाच्या उबेत जागा द्यावी. आणि झाकण काढू नये. धूळ बसते.