गळती बुजवल्यानंतर

साहेब, या माणसाची रजा तुम्ही खाल्लीत. वर हात झटकून स्वतः सुट्टीवर निघून गेलात.

हा माणूस ऑफिसचा सर्व्हर सांभाळतो. सगळे त्याला 'प्लंबर' म्हणतात, कारण त्याच्या वाट्याला एक गळती आली होती. सगळ्यांच्या फायली त्या एकाच सर्व्हरवर. कोणी फाईल उघडली की सर्व्हर त्याला आपल्या मोजक्या बिल्ल्यांतला एक देई, मिटली की परत घेई. पण मध्येच कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला, की बिल्ला गेला तो गेलाच. आठवडा संपायच्या आत बिल्ले संपायचे, सर्व्हर मान टाकायचा, आणि प्लंबरने धावत येऊन तो बंद करून चालू केला की सगळं परत सुरळीत. म्हणून प्लंबरला रजा नाही. आईचं डोळ्याचं ऑपरेशन त्यापायी पुन्हा पुन्हा पुढे ढकललेलं.

"गळती काढ, मग खुशाल जा," साहेब म्हणाले.

प्लंबर पेटला. अख्खा प्रोग्राम त्याने पिंजून काढला. काही बिघडलं की प्रोग्राम मागच्या दाराने सटकत होता, बिल्ला खिशात घालून! त्या दाराशी त्याने एक ओळ बसवली: आधी बिल्ला ठेव, मग जा. सर्व्हर असा धावू लागला की थांबायचं नाव नाही.

साहेबांनी छाती फुगवून फर्मान काढलं, "आपला सर्व्हर आता बंद पडणार नाही. माझ्या परवानगीशिवाय कोणी त्याला हात लावायचा नाही!"

प्लंबर हजेरीच्या बाईंकडे गेला. "बाई, उद्यापासून रजा."

"रजेच्या तक्त्यात 'मंजूर' दिसू दे."

"साहेब तोंडी म्हणालेत हो!"

"तोंडी? तोंडी रजेवर गेलेला टायपिस्ट अजून घरीच आहे."

तक्ता उघडला. साहेबांच्या स्वतःच्या नावापुढे 'मंजूर'. प्लंबरच्या नावापुढे कोरं. आणि वर सूचना: ही फाईल दुसऱ्या कोणीतरी उघडली आहे, फक्त वाचता येईल. दुसरं कोण असणार? केबिनला कुलूप, आत साहेबांचा कॉम्प्युटर चालू, फाईल उघडी, आणि सुट्टीवर गेलेल्या साहेबांचा फोन बंद.

उपसाहेब कळवळले. "मी मंजूर करतो रे, पण लिहू कुठे?"

"याआधी असं झालं की काय करायचात?"

"काय करायचं? आठवड्यात सर्व्हर मरायचा, फायली आपोआप सुटायच्या. तूच बुजवलंस ना ते!"

"मग मी बंद करून चालू करतो."

"खबरदार! फर्मान वाचलंस ना? तू जाशील आईकडे, नोकरी माझी जाईल."

प्लंबर सर्व्हरसमोर जाऊन बसला. जन्मात पहिल्यांदाच तो त्याच्या मरणाची वाट बघत होता. मेला मजेत घरघरत होता. तेवढ्यात फोन वाजला.

"निघालास ना रे?" आईने विचारलं.

"आई, रजा नाही मिळाली. सर्व्हर..."

"परत बंद पडला?"

"नाही गं. चालू आहे."

आई म्हणाली, "बंद पडला की तुला येता येत नाही. चालू असला तरी येता येत नाही. मग तू येणार कधी?"

याचं उत्तर प्लंबरने का द्यावं? प्रश्न त्याला नाहीच मुळी. साहेब, फोन चालू करा आणि त्या आंधळ्या होत चाललेल्या आईला तुमच्या तोंडाने सांगा: कधी?