पाटावरून उठण्याविषयी

पत्राला उत्तर न देण्यामागे बहुधा वैद्यकीय कारण असते, असे माझे मत आहे. (माझी मते फार टिकत नाहीत, हे मात्र कोजागिरीपासून टिकून आहे.)

त्या सुमारास माझ्या थोरल्या बहिणीचे, यमुताईचे, पत्र आले. ती खाप्याला एकटी राहते. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून ती अजून पत्र लिहिते. ‘केशव, भाऊबीजेले येशील ना? का मागच्या सालचं मनात धरून बसला? पाट घासून ठेवला हाये.’

मागच्या साली मी पाटावर बसलो, ओवाळून झाले आणि मला उठता येईना. मी चौऱ्याहत्तरचा, ताई एक्याऐंशीची. तिने काखेत हात घालून मला उभे केले.

“ऊठ गा, पाटाले चिकटला काय?” ती म्हणाली. शेजारच्या मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्यांचा हेतू चांगलाच असावा.

तेव्हा यंदा काय लिहावे, हा प्रश्न होता. स्वभावाने भित्रा असल्यामुळे मी तो आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळापुढे मांडला.

हे मंडळ रोज सकाळी आमच्या बेसा वस्तीतल्या बगीच्यात भरते. सभासद नमस्काराऐवजी रक्तदाबाचा आकडा सांगतात. आकडा खाली असल्यास श्रेय स्वतःकडे घ्यावे आणि वर असल्यास सुनेचे नाव घ्यावे, असा प्रघात आहे. फिरण्यासाठी स्थापन झालेल्या या मंडळाने पहिल्याच वर्षी खुर्च्या मिळवल्या, हे त्याचे मोठे यश.

“मांड्या काहून बारीक झाल्या म्हणता? गोळीच खाऊन राहिली ना बाप्पा त्याहिले!” अध्यक्ष मनोहरराव म्हणाले आणि त्यांनी मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला. रक्तदाबाच्या गोळीने म्हातारपणी स्नायू झिजतात, असे त्यात होते. ठराव एकमताने मंजूर झाला. पुढच्याच आठवड्यात दुसरा मजकूर आला: त्याच गोळीने स्नायू टिकतात. तोही एकमताने मंजूर झाला. मंडळ विज्ञानविरोधी आहे, असे कोणी म्हणू नये. त्याचा विज्ञानाच्या दोन्ही बाजूंना पाठिंबा आहे. शेवटी तडजोड म्हणून हातांच्या उंच खुर्च्या मागवण्यात आल्या.

मला पहिला ठराव सोयीचा होता. अडचण एकच होती. ताईच्या फळीवर माझ्याच रक्तदाबाच्या गोळीचे पाकीट मी पाहिले होते. (हा पुरावा मी मंडळापुढे आणला नाही.)

सूनबाई, अदिती, मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर मुग्धाताई वयाने लहान, पण फारच स्पष्ट.

“काका, गोळी मनानं बंद करायची नाही. आता हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा.”

मी पुढे झुकलो. अदितीने पटकन दंड धरला. “बाबा, पडाल! तुम्ही बसा.”

“घरी काय काय काम करता?” डॉक्टरांनी विचारले.

“काहीच करू देत नाही हो आम्ही त्यांना!” अदिती म्हणाली. पाणी जागेवर, पेपर जागेवर, भाजीची पिशवी हातात द्यायची नाही, झाडांना पाणी माझा मुलगा विक्रम घालतो. तिच्या आवाजात रास्त अभिमान होता. ती खरोखर गुणी आहे. डॉक्टर मात्र माझ्या मांड्यांकडे पाहत राहिल्या.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा मान त्यांना बसवून ठेवूनच करतात. बसमध्ये जागा देतात, लग्नात पुढचा सोफा देतात, सत्काराची शालसुद्धा बसल्या जागी पांघरतात. हा मान पुरेसा मिळाला की माणूस उठत नाही. ताईची तेवढी प्रतिष्ठा नाही. मागच्या साली मी तिला विचारले होते, तू एवढी ताठ कशी? ती म्हणाली, “मले कोण बसा म्हणते गा? बसलो तर चूल कोण पेटवते?”

त्यानंतर घरात कोणी नसताना मी खुर्चीतून उठायचा सराव करू लागलो. प्रगती आहे, असे म्हणवत नाही. खुर्ची करकरते आणि मी दचकतो. तरी परवा हात मांडीवर ठेवून, टेबल न धरता, एकदा उभा राहिलो. साक्षीदार नव्हता, त्यामुळे हे खरे धरावे की नाही, मलाच शंका आहे.

आज उत्तर लिहिले. ‘ताई, येतो. पाटच मांड. उठायला वेळ लागेल, पण हात देऊ नको. मनकर्णाबाईंना बोलावलेस तरी चालेल.’

“द्या बाबा, मी टाकते. तुम्ही बसा,” अदिती म्हणाली.

मी आयुष्यात प्रथमच तिला नाही म्हणालो. ती इतकी घाबरली की तिने माझा रक्तदाब मोजला. (चांगला होता.) मग चौकापर्यंत चालत गेलो, वाटेत एका ओट्याला हात टेकला आणि पत्र पेटीत टाकले. भाऊबीज चार दिवसांवर आहे; पत्र माझ्या आधी पोचेलच असे नाही.

आपण हे बसूनच वाचत असाल. एकदा हात न टेकता उठून पाहा, असे लिहिणार होतो. पण राहू द्या. पाणी कोणीतरी आणून देईलच. तुम्ही बसा.