दीड फेरा

सासऱ्यांनी लग्नानंतर सहा वर्षांनी पहिल्यांदा गाडीची किल्ली जावयाच्या हातात ठेवली. तीही आठ दिवसांपुरती, आणि सोबत एक वाक्य: "तेल, पाणी, हवा बघायची. बाकी कशाला बोट लावायचं नाही." मग ते सासूबाईंना घेऊन थोरल्या मुलीकडे गेले. गाडी सासरे जिवापाड जपत. सासूबाई ती नेत ती फक्त वाचनालयापर्यंत.

जावयाला ऑफिसात भिंगरी म्हणत. तो बसला तरी त्याचा गुडघा बसत नसे. चौथ्या दिवशी चढावर एका टेम्पोने त्याला मागे टाकलं आणि घरी येताच बॉनेट उघडलं गेलं. टर्बोच्या दांडीवरचा नट आवळला की हवेचा दाब वाढतो आणि गाडी उसळते, एवढं त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. त्यापुढे इंजिनाचं काय होतं, तो भाग त्याने पळवला होता.

आठव्या दिवशी दुपारी दोनला तापमानाचा काटा लाल पट्ट्यात शिरला. सासरे चारला घरी पोचणार होते.

"किती फिरवलात?" गॅरेजवाल्या उस्तादाने वाफाळत्या इंजिनात डोकं घालून विचारलं.

"अर्धा फेरा."

"इथं दीड निघतोय."

"आईशप्पथ, अर्धाच!"

"मग उरलेला एक काय नटाला आपोआप सुचला? अहो, जास्त फुंकलं की जास्त पेटतं. एक फेरा बिचारीनं कसाबसा सोसला, तुमच्या अर्ध्यानं कडेलोट झाला. कंपनीनं हा पांढरा ठिपका काय तीट म्हणून लावलाय?"

"उस्ताद, ते नंतर बोला. इंजिन वाचलं का?"

"वाचलं. आणखी एक चढ चढला असतात, तर पिस्टन वितळून हातात आले असते."

उस्तादाने नट ठिपक्यावर आणला. तेवढ्या वेळात भिंगरीने गॅरेजला अकरा चकरा मारल्या. उरलेला एक फेरा कुणाचा, हे मात्र बाराव्या चकरेत त्याच्या लक्षात आलं आणि त्याला एकदम हुशारी वाटू लागली.

चारला सासऱ्यांनी बॅगा दारात टाकल्या आणि थेट स्टिअरिंग धरलं. शेजारी जावई, मागे सासूबाई. वाचनालयाच्या चढावर गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली.

"जावईबापू, कशाला हात लावलात का हो?"

"छे! तेल, पाणी, हवा."

"जरा... थंड वाटतेय."

"थंडच होती ना, बाबा? कंपनीतून आली तेव्हापासून?"

सासऱ्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नव्हती म्हणावं, तर का नव्हती तेही सांगावं लागणार. आणि मागे सासूबाई बसलेल्या.

"हो, हो. थंडच होती," ते घाईघाईने म्हणाले.

भिंगरीचा गुडघा सहा वर्षांत पहिल्यांदा स्थिर झाला.

गाडी घरी आली. सासूबाई शांतपणे उतरल्या, पुढच्या खिडकीशी आल्या आणि त्यांनी तळहात पुढे केला. "किल्ली द्या. उद्या मी उस्तादाकडे जाऊन येते."

"कशाला?" दोघे एका सुरात ओरडले.

"यांचा अर्धा फेरा मला ठाऊक होता," सासूबाई सासऱ्यांकडे बोट दाखवत म्हणाल्या. "पण माझा अर्धा कुणी काढला?"